जन्माची नोंद : बाप्तिस्म्याच्या वहीपासून जन्मदाखल्यापर्यंत

बाबेलच्या बंदिवासातून यहूदी लोक यरुशलेमेस परतले, त्या वेळच्या याद्या एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात दिलेल्या आहेत. घराण्यांची नावे आणि माणसांचे आकडे यांनी भरलेला हा अध्याय मंडळीत क्वचितच वाचला जातो. परत आलेल्यांची एकूण संख्या ४२,३६० सांगितली आहे. या यादीच्या अखेरीस दोन गट वेगळे काढलेले दिसतात. पहिला गट ६५२ लोकांचा. आपले पितृघराणे कोणते व आपण इस्राएलातले आहोत की नाही, हे त्यांना सांगता आले नाही. दुसरा गट याजकांचा. हबाया, हक्कोस व बर्जिल्लय यांच्या वंशजांनी वंशावळीच्या पटात आपली नावे शोधली, परंतु ती सापडली नाहीत. म्हणून त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून वगळण्यात आले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. अधिपतीने त्यांना कायमचे बाद केले नाही. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र वस्तू खाऊ नयेत, एवढेच त्याने सांगितले. पुढे एज्राच्या आठव्या अध्यायात उरीया याजकाचा पुत्र मरेमोथ मंदिराचे सोने-चांदी तोलून घेताना दिसतो, आणि नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात हाच मरेमोथ हक्कोसाच्या घराण्यातला म्हणून सांगितला आहे. यावरून त्या घराण्याचा हक्क कालांतराने मान्य झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात.

जन्माच्या नोंदीचा पुढचा सारा इतिहास या लहानशा प्रसंगात बीजरूपाने आढळतो. नोंद ही माणसाच्या बाजूची साक्ष असते. तो बोलू शकत नव्हता त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी त्याच्याविषयी लिहून ठेवलेले ते शब्द असतात. परंतु एकदा पट तयार झाला की पटात नसलेला माणूस संशयास्पद ठरू लागतो, आणि जी वही साक्ष देण्यासाठी उघडली तीच कसोटी म्हणून वापरली जाते. जन्मदाखला आज आपल्या देशात जवळजवळ सर्व व्यवहारांचा पाया झाला आहे. अशा वेळी या दोन्ही बाजूंचा इतिहास मंडळीपुढे मांडणे उचित होईल. या इतिहासात मंडळीचा वाटा मोठा आहे, आणि तो सर्वस्वी अभिमानास्पद नाही.

१. रोमी पट आणि पौल

जन्माची सरकारी नोंद ही आधुनिक कल्पना आहे असा समज आढळतो. तो बरोबर नाही. औगुस्त कैसराच्या कारकिर्दीत इ. स. ४ व इ. स. ९ मध्ये झालेल्या कायद्यांच्या अनुषंगाने रोमी नागरिकांच्या औरस मुलांचे जन्म अधिकाऱ्यापुढे जाहीर करण्याची पद्धत सुरू झाली. जाहीर झालेली नावे सरकारी फलकावर लावली जात, आणि पालक त्याची नक्कल मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर सात साक्षीदारांच्या मुद्रांसह करून घेत. अशा काही पाट्या इजिप्तमध्ये सापडल्या आहेत. आज आपण ज्याला जन्मदाखला म्हणतो, त्याचे हे फार जुने रूप होय.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातील प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा. फटके मारण्यासाठी बांधलेला पौल आपण रोमी नागरिक असल्याचे सांगतो. सरदार म्हणतो की मला हे नागरिकत्व पुष्कळ पैसा देऊन मिळाले आहे, आणि पौल उत्तर देतो की मी जन्मतःच नागरिक आहे. पौलाने काही लेखी पुरावा दाखविल्याचे लूक सांगत नाही. प्रवासात अशी पाटी त्याच्याजवळ असेल, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. ते कसेही असो, ‘जन्मतः’ या एका शब्दामुळे चाबूक थांबला, हे स्पष्ट आहे. त्याच वेळी ज्याला तो शब्द उच्चारता येत नव्हता त्याच्या पाठीवर चाबूक चालत होता, हेही विसरता येत नाही.

या पटाच्या कडेला उभ्या असलेल्या एका आईचे नाव आपल्यापर्यंत आले आहे. इ. स. १४५ मध्ये इजिप्तमध्ये सेम्प्रोनिया गेमेल्ला नावाच्या स्त्रीने आपल्या जुळ्या मुलग्यांच्या जन्माचे निवेदन साक्षीदारांपुढे लिहून ठेवले. मुलांचा पिता अनिश्चित असल्यामुळे त्यांची नावे सरकारी फलकावर लावण्यास कायद्याची मनाई होती, आणि हे कारणही तिने निवेदनात नमूद केले आहे. सरकारी वही बंद होती, म्हणून तिने स्वतःच साक्षीदार गोळा केले. ही आई पुढे आपल्याला पुन्हा आठवावी लागेल.

२. मंडळीची वही

रोमी व्यवस्था कोसळल्यानंतर पश्चिम युरोपात जन्माच्या नियमित नोंदी राहिल्या नाहीत. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या त्या बहुतांशी मंडळीच्या हातून, आणि त्यांत जन्मापेक्षा बाप्तिस्म्याला महत्त्व होते. इंग्लंडमध्ये १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्याची आज्ञा केली. दर रविवारी मंडळीच्या कारभाऱ्यांसमक्ष मागील आठवड्याच्या नोंदी कराव्या, वही दोन कुलुपांच्या पेटीत ठेवावी, आणि कसूर झाल्यास ३ शिलिंग ४ पेन्स दंड घेऊन तो चर्चच्या दुरुस्तीकडे लावावा, असा तो नियम होता.

लोकांनी या वहीचे स्वागत केले नाही. राजा आता बाप्तिस्म्यावर कर बसविणार, अशी आवई उठली. ती त्या वेळी खरी ठरली नाही, पण सर्वस्वी निराधारही म्हणता येत नाही. १७८३ साली ब्रिटिश पार्लमेंटने अशा प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर खरोखरच बसविला. कंगालांना त्यातून सूट होती, आणि १७९४ मध्ये तो रद्द झाला. नोंद आणि कर यांचे नाते बेथलेहेमच्या नावनिशीपासून चालत आले आहे, आणि गरीब माणूस ते नाते विसरत नाही.

रोमन कॅथलिक मंडळीत ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली विवाहाची वही ठेवण्याचा व बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे नोंदण्याचा नियम केला. धर्ममातापिता व त्यांचे धर्मपुत्र यांच्यात आध्यात्मिक आप्तसंबंध निर्माण होतो व त्यामुळे पुढे विवाहास बाध येतो, म्हणून ही नावे कळणे आवश्यक होते. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूने कोणत्या पाच वह्या ठेवाव्यात हे ठरवून दिले : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पॅरिशमधील घरोघरच्या जिवांची यादी. मूल कोणत्या दिवशी जन्मले यापेक्षा ते कोणत्या दिवशी मंडळीत घेतले गेले, हे या वह्यांना अधिक महत्त्वाचे होते.

तरीही राजसत्तेने याच वह्यांचा आधार घेतला. फ्रान्सच्या राजाने १५३९ च्या विले-कोत्रेच्या फर्मानाने बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवण्यास सांगितले. माणूस सज्ञान केव्हा झाला हे सिद्ध करता यावे, हा त्यामागील हेतू होता. वारसा, विवाह आणि करार या सर्वांना वयाची गरज असते, आणि वय मंडळीच्या पेटीत कुलूपबंद होते.

३. वहीबाहेरचे ख्रिस्ती

मंडळीची वही हीच राज्याची वही झाली, की जो त्या मंडळीत नाही त्याला जन्मच नाही, अशी स्थिती येते. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोकांनी ती सोसली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द केल्यानंतर त्यांच्या पाळकांना देश सोडावा लागला. कॅथलिक धर्मगुरूकडे न जाता रानात किंवा गुप्त सभेत झालेल्या विवाहांना कायद्याची मान्यता नव्हती, आणि त्या विवाहांतून झालेली मुले अनौरस समजली जात. मुलाला वारसाहक्क हवा असेल तर आपल्या विवेकाविरुद्ध परक्या वेदीपुढे जावे, अन्यथा मूल कायद्याच्या दृष्टीने बेवारस राहावे, असा पेच जवळजवळ एक शतक शेकडो गावांत होता. १७८७ च्या फर्मानाने सोळाव्या लुईने कॅथलिक नसलेल्यांना न्यायाधीशापुढे जन्म, विवाह व मृत्यू नोंदविण्याची मुभा दिली. २० सप्टेंबर १७९२ रोजी क्रांतीच्या विधिमंडळाने ही वहीच धर्मगुरूंकडून काढून नगरपालिकांकडे दिली.

इंग्लंडमध्ये छळाची तीव्रता कमी होती, परंतु अडचण त्याच प्रकारची होती. बॅप्टिस्ट मंडळ्या तर बालकांचा बाप्तिस्माच करीत नाहीत. मग बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांच्या मुलांचा जन्म यावा कोठून? लंडनमधील स्वतंत्र मतांच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी अठराव्या शतकाच्या चाळिशीत डॉ. विल्यम्स यांच्या नावाच्या ग्रंथालयात स्वतःचे जन्मनोंदणी पुस्तक सुरू केले. बाप्तिस्म्याशी संबंध न ठेवता केवळ जन्म नोंदविणारे हे पुस्तक होते. त्यास कायद्याने पूर्ण मान दिला नाही. अखेर १८३६ च्या कायद्यान्वये १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सर्वांसाठी दिवाणी नोंदणी सुरू झाली, आणि १८४० च्या कायद्याने जुन्या स्वतंत्र मंडळ्यांच्या वह्याही न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य ठरल्या.

राज्याने वही हाती घेतली म्हणजे धर्म मागे हटला, असे या बदलाचे वर्णन पुष्कळदा केले जाते. वहीबाहेर राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. श्रद्धा कोणतीही असो, मूल जन्मले आहे एवढे तरी मान्य व्हावे, ही मागणी प्रामुख्याने विश्वासू माणसांचीच होती.

४. गोमंतकातील वह्या

आपल्या देशात ख्रिस्ती नोंदवह्यांचा सर्वांत दीर्घ इतिहास गोव्यात आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज सत्ता स्थापन झाल्यावर जी पॅरिशे उभी राहिली, त्यांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या वह्या भरल्या जाऊ लागल्या. गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबे आपला वंश शोधताना आजही त्याच वह्यांकडे वळतात. परंतु या वह्यांतील सगळीच नावे आईबापांनी आनंदाने सांगितलेली नाहीत. १५५९ च्या पोर्तुगीज फर्मानाने हिंदूंची पोरकी मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याची तरतूद केली, आणि पुढे पिता मेलेले पण आई जिवंत असलेले मूलही ‘पोरके’ धरले जाऊ लागले. अशा मुलाचे नवे नाव वहीत आले, आणि जुने नाव आईच्या तोंडी राहिले. नोंद खरी होती, तारीखही खरी होती. पण ज्या मुलाच्या बाजूने ती बोलायची, त्याच्या घरच्यांविरुद्ध ती बोलत होती. ख्रिस्ती इतिहासकाराने हे पान उलटून पुढे जाऊ नये.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, आणि १८ फेब्रुवारी १९११ च्या नोंदणी संहितेने तेथे दिवाणी नोंद सक्तीची केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत गोव्यातही ख्रिस्ती व हिंदू या दोघांच्या मुलांसाठी एकच सरकारी नोंदणी कार्यालय आले. संपत्तीचा काही हिस्सा मुलांसाठी राखून ठेवणाऱ्या संहितेत जन्माच्या नोंदीला किती वजन आले असेल, हे सांगायला नको.

याच नोंदींना अलीकडे एक वेगळेच मूल्य आले आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या पुढील पिढ्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा पोर्तुगालचा कायदा मान्य करतो. त्यासाठी आजोबांचा जुना जन्मदाखला काढून तो जन्म लिस्बन येथील कार्यालयात नोंदवावा लागतो. एकाच जन्माची दोन देशांत नोंद झाली की भारतीय नागरिकत्व उरते की नाही, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला आहे. युरोपात काम मिळावे म्हणून आजोबांच्या जन्माचे पान शोधणारा तरुण गोव्याच्या अनेक कुटुंबांत आहे.

५. जन्मपत्रिका, कोतवाल बुक आणि १ जून

मुंबई इलाख्यात सर्वसाधारण लोकांच्या जन्माची सरकारी नोंद फार उशिरा आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबईतील पाद्री बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी करीत व त्यांच्या नकला लंडनला पाठवीत. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या अशा नकला तेथे जतन केलेल्या आहेत. परंतु त्यांत मुख्यतः युरोपीय व युरेशियन कुटुंबे होती. एतद्देशीयांकडे असे ती जन्मपत्रिका, तीही ज्या घरी जोशी येत असे त्याच घरी.

वयाचा प्रश्न न्यायालयात आला म्हणजे काय होई, हे मराठी मंडळीच्या आरंभकाळातच दिसून आले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; पुढे जालन्याजवळ बेथेल वसविणारे ते हेच. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, हाही मिशनच्या घरी राहिला होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली, मुलगा अज्ञान ठरला आणि वडिलांच्या स्वाधीन झाला. मग त्याला जातीत परत घेण्याचा प्रश्न उठला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली. मिशन, पिता, जात आणि न्यायालय या चौघांच्या ओढाताणीत त्या मुलाचे भवितव्य एका आकड्यावर ठरले, आणि त्या काळी हा आकडा सांगणारे सार्वजनिक दप्तरच नव्हते.

मुलींच्या बाबतीत हे अधिक दारुण होते. १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी दासी ही बालिका पतीच्या बळजबरीने मरण पावली. त्या वेळी कायद्याचे संरक्षण दहा वर्षांपर्यंतच होते, आणि तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही. त्यानंतर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा बारावर नेली. त्या कायद्याला महाराष्ट्रात किती कडवा विरोध झाला हे सर्वश्रुत आहे. त्या वादात एक आक्षेप असा होता की, या देशात मुलीचे वय सिद्ध करण्याचे साधनच नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू काहीही असो, वस्तुस्थिती तशीच होती. कायदा वयाचे रक्षण करू शकतो. वय लिहिलेलेच नसेल तर तो कोणाचे रक्षण करणार?

या सुमारास १८८६ चा सहावा कायदा झाला. त्याने ऐच्छिक जन्म-मृत्यू नोंदणीची सोय केली, आणि ज्या वर्गांना ती खुली झाली त्यांत ख्रिस्ती धर्म मानणारे सर्व लोक होते. मंडळ्यांकडील जुन्या वह्या तपासून त्या विश्वसनीय असल्यास सरकारी अभिरक्षेत घेण्याचीही तरतूद त्यात होती. बाकीच्या जनतेसाठी नगरपालिका आणि गावकामगार यांच्या वह्या होत्या. वऱ्हाड-मध्यप्रांतात कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवून ते पुस्तक पोलीस ठाण्यात नेत असे. ते ‘कोतवाल बुक’. महसुली दप्तरात हीच नोंद गाव नमुना १४ मध्ये असते. या नोंदींत बहुधा बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच आढळते. बारसे होण्यापूर्वीच वर्दी दिलेली असल्यामुळे बाळाचे नाव त्यात नसते. पाळकाच्या वहीत नाव असे पण कित्येकदा जन्मतारीख नसे. कोतवालाच्या वहीत तारीख असे पण नाव नसे.

प्रत्येक वही तिच्या मालकाला जे हवे तेवढेच विचारते. मंडळीने धर्ममातापिता विचारले, कोतवालाने जात विचारली. म्हणूनच २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे या जुन्या जन्म-मृत्यूच्या दप्तरांवर वाकून बसली. शंभर वर्षांपूर्वी कोतवालाने घाईत लिहिलेले एक अक्षर आज नातवंडांच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न सोडविते.

मात्र कोट्यवधी लोकांची कोठेही नोंद नव्हती. त्यांची जन्मतारीख शाळामास्तरांनी ठरविली. जून महिन्यात शाळा उघडे, बाप मुलाला घेऊन येई, मास्तर त्याच्याकडे पाहून वर्षाचा अंदाज बांधीत आणि ‘१ जून’ लिहून टाकीत. महाराष्ट्रात आणि सीमाभागात एका विशिष्ट वयावरील माणसांचे वाढदिवस १ जूनला इतके दाटून का येतात, याचे कारण हेच. त्या मास्तरांना हसू नये. राज्याने आणि मंडळीनेही ज्यांच्यासाठी लेखणी उचलली नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी ती उचलली, आणि त्या काल्पनिक तारखेवर एका पिढीने नोकऱ्या केल्या व निवृत्तिवेतन घेतले.

६. साक्षीचा दाखला होतो

स्वतंत्र भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने सर्व धर्मांसाठी एकच सक्तीची व्यवस्था आणली. जन्म ज्या ठिकाणी झाला तेथेच २१ दिवसांच्या आत कळवावा. त्यानंतर विलंबशुल्क भरावे. एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. कायद्यातले हे आकडे लहान दिसतात. कारखान्याच्या टोळीबरोबर बीड-जालन्याहून बेळगाव-कोल्हापूरकडे गेलेल्या ऊसतोड बाईला फडात मूल झाले, तर नोंद करण्याचे ठिकाण तिच्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर असते, आणि हंगाम संपून ती घरी परतते तेव्हा मुदत केव्हाच टळलेली असते.

तरीही प्रगती मोठी आहे. पाच वर्षांखालील ज्या मुलांचा जन्म नोंदला गेला, त्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये ४१ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ८० टक्क्यांवर आले आणि २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांपर्यंत गेले. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्याचा यात मोठा भाग आहे. जगाचा विचार केला तर युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांची नोंद झालेली नाही. जन्मानंतर लगेच नोंद व नाव मिळणे हा बालकाचा हक्क आहे, असे बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात म्हटले आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला.

१९६९ च्या कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अंमलात आली. त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नेमणूक आणि आधार यांकरिता जन्माची तारीख व ठिकाण सिद्ध करण्यास जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला. २०२५ मध्ये पारपत्राचे नियमही त्याप्रमाणे बदलले. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला वगैरे इतर कागद अजून चालतात. आधारपत्र हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका निकालात मान्य केले आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली.

येथे एका सामान्य गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. जन्मदाखला माणूस केव्हा व कोठे जन्मला हे सांगतो. तो नागरिक आहे की नाही हे एकट्याने सांगत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला, थोडे अपवाद वगळता, जन्माचे स्थळ पुरेसे होते. त्यानंतर जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एकजण तरी नागरिक असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या वैध वास्तव्याचाही प्रश्न येतो. म्हणजे मुलाच्या दाखल्याबरोबर आईबापांचेही कागद लागतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांचे कागद आहेत त्यांना हे जाणवत नाही. ज्यांच्या घरी एकही नाही, त्यांना आपण तेल-मेलहहून आलेल्या त्या ६५२ जणांत उभे आहोत, असे वाटू शकते.

सेम्प्रोनिया गेमेल्लाचा प्रश्नही सुटण्यास फार काळ लागला. एका अविवाहित ख्रिस्ती मातेने आपल्या मुलाचे पालकत्व मागताना पित्याचे नाव सांगण्यास नकार दिला, आणि खालच्या न्यायालयांनी तिचा अर्ज फेटाळला. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. एकट्या किंवा अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्रासह अर्ज केल्यास पित्याच्या नावावाचून मुलाचा जन्मदाखला दिला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. मुलाची नोंद करून घेणे ही राज्याची जबाबदारी असून आईच्या परिस्थितीचा भुर्दंड मुलाने भरावयाचा नाही, हा त्याचा आशय. २०२३ च्या दुरुस्तीनेही एकट्या पालकाने वर्दी देण्याची तरतूद कायद्यात आणली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग पित्याचे नाव लिहिण्याचा निर्णय झाला आहे.

७. मंडळीपुढील कर्तव्य

या इतिहासावरून पाळकांनी व मंडळीच्या वडिलांनी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. बाप्तिस्म्याचा किंवा बालसमर्पणाचा दाखला हा जन्मदाखल्याला पर्याय नाही. बाळाला मंडळीपुढे आणले जाईल त्या दिवशी त्याच्या जन्माची सरकारी नोंद झाली आहे काय, हे विचारण्याची रीत घालावी. नोंद झाली असेल तर त्यात नाव घातले आहे काय, हेही पाहावे. नावाविना झालेल्या नोंदीत ते नंतर घालता येते, परंतु त्यालाही कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा आहे. घरी प्रसूती झालेल्या, कामासाठी स्थलांतर करणाऱ्या आणि एकट्या माता यांच्याबरोबर नोंदणी कार्यालयात जाणे ही सेवा समजावी. मुलाच्या पित्याविषयी विचारपूस करण्याआधी मुलाच्या नावाची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट जुन्या वह्यांची. अनेक मंडळ्यांत शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या वाळवीच्या तोंडी पडल्या आहेत. त्यांत ज्यांची नावे आहेत त्यांतील कित्येकांची दुसरी कोणतीही नोंद या जगात नाही. त्या वह्यांच्या प्रतिमा काढून ठेवणे, मूळ वही कोरड्या जागी सांभाळणे आणि नकला मागणाऱ्याला त्या हेळसांड न करता देणे, हे कष्टाचे पण आवश्यक काम आहे. आणि वहीत एखाद्याचे नाव सापडले नाही तर ‘नाही’ असे लिहून परत पाठविण्यापूर्वी शेजारची पाने, चुकीचे उच्चार, जुनी नावे आणि गावातील वृद्धांची आठवण यांचा शोध घ्यावा.

एज्राच्या काळातील अधिपतीजवळ पट होता, आणि त्या पटात नाव नव्हते. तरी त्याने ‘तोपर्यंत’ असे म्हटले. अंतिम निर्णय त्याने स्वतःच्या हाती घेतला नाही, आणि हक्कोसाच्या वंशजांना पुढे यरुशलेमेचा तट बांधण्यास जागा उरली. आज दाखले देणारे आणि मागणारे असे आपण सर्व त्याच जागी उभे आहोत. एखादा माणूस कागदाविना आपल्या दाराशी आला, तर त्याच्याविषयी काय लिहावयाचे राहून गेले आहे, हे आधी विचारण्याची शिकवण आपल्याला या अध्यायातून घेता येईल.